रविवारची उपासना चुकली त्यापेक्षा तो चार्ट मला जास्त महत्त्वाचा वाटतो

पत्र मोठं आहे, मी थोडक्यात देते. लिहिणारी २७ वर्षांची आहे, गाव नेवासा तालुक्यात, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करून पुण्यात एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये जनरल वॉर्डला आहे, आणि बहुतेक वेळा नाइटच लागते.

"मावशी, सलाम. रविवारी सकाळी पुढच्या पाळीच्या स्टाफला वॉर्डचा हँडओव्हर देऊन रूमवर येईपर्यंत उपासना अर्धी झालेली असते आणि डोळे उघडत नाहीत. कित्येक महिने नीट चर्चला गेले नाही. महिला मंडळातल्या एक काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, ही आता नाताळाची ख्रिस्ती झाली. आईला फोनवर कळलं, ती रडली. मलाही वाटतं की माझा विश्वास थंड झालाय. वॉर्डमध्ये एक वारकरी आजी होत्या, रात्री झोप येत नव्हती म्हणून मोबाईलवर हरिपाठ लावून दे म्हणाल्या, मी लावून दिला, तर सोबतची ख्रिस्ती स्टाफ म्हणाली तू प्रभूची साक्ष द्यायची संधी घालवलीस, वर पाप केलंस. अजून एक. पहाटे चारचे व्हायटल्स, म्हणजे बीपी, पल्स, टेंपरेचर, श्वास, आम्ही कधी कधी न घेताच चार्टवर भरतो, सगळेच भरतात. एका बाबांचं टेंपरेचर मी ९८.६ लिहिलं आणि सकाळी डॉक्टरांनी पाहिलं तर अंगात सणकून ताप. पुढे ते बरे होऊन घरी गेले, पण तेव्हापासून मी चर्चमधलं प्रभुभोजन, ती भाकर आणि प्याला, घेतलं नाही. मी नावापुरतीच ख्रिस्ती उरलेय का?"

सलाम बाळा. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. चर्च, काकू, आई यावर तू दोन पानं लिहिलीस, आणि त्या चार्टवर शेवटी जेमतेम चार ओळी, त्याही घाईघाईत. माझ्या मते हे उलट असायला हवं होतं. म्हणून मी चार्टपासूनच सुरू करते, काकूंकडे नंतर येऊ.

माझ्या नणंदेची सगळी नोकरी नर्सिंगमध्ये गेली, तिला तुझं नाव-गाव न सांगता विचारलं. ती म्हणाली, न घेता भरलेला चार्ट लांबून ओळखू येतो, एकाच पेनानं एका दमात खाली भरत आणलेला असतो, पल्स ७८, ८०, ७८, ८०, आणि श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत प्रत्येकाचे २०, म्हणजे न्यूमोनियाचा पेशंटपण २० आणि उद्या घरी जाणारापण २०. तिचं म्हणणं, श्वास मोजायला ना मशीन लागतं ना बॅटरी, नुसतं कॉटजवळ उभं राहून छाती वरखाली होताना मिनिटभर बघायचं असतं, म्हणून तेच सगळ्यात आधी टाळलं जातं, आणि पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी बदलतोही तो श्वासच. हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, मी फक्त एवढ्यासाठी लिहिते की तुझ्या प्रश्नामागे जो प्रश्न आहे, रोजच्या जगण्यात ख्रिस्ती म्हणून कसं राहायचं, त्याचं उत्तर मला त्या एका मिनिटात दिसतं. कॉटवरचा माणूस झोपलाय, नातेवाईक खाली चटई टाकून झोपलेत, इन्चार्ज नाही, डॉक्टर नाही, तू मोजलंस की नाही हे कुणालाही कळणार नाही. देवाला कळतं, आणि त्या माणसाच्या शरीराला कळतं.

आपल्याकडे विश्वास म्हटलं की गीत, उपदेश, उपवास, प्रार्थना एवढंच डोळ्यांसमोर येतं, पण बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक आले आणि आम्ही काय करावं म्हणून विचारू लागले तेव्हा त्यानं काय सांगितलं ते लूकच्या तिसऱ्या अध्यायात बघ. जकातदारांना सांगितलं की ठरलंय त्याच्यापेक्षा जास्त वसूल करू नका, शिपायांना सांगितलं की कुणाला धमकावून पैसे काढू नका, खोटे आरोप करू नका, पगारात भागवा. नोकरी सोडून माझ्या मागे या असं त्यांना नाही म्हणाला. ज्याला त्याला त्याच्या धंद्यातलीच खोट दाखवली. तुला त्यानं काय सांगितलं असतं? मला वाटतं एवढंच, जे बघितलं नाही ते लिहू नकोस.

आता हे बोलायला सोपं आहे हे मलाही कळतं. रात्रीच्या वॉर्डला स्टाफ दोन, पेशंट ढिगानं, एकाची सलाईन संपतेय, एकाला उलटी, एक सुई ओढून काढतोय, कॅज्युअल्टीतून नवीन अ‍ॅडमिशन वर येतंय, आणि चार वाजता सगळ्यांचे बीपी-पल्स-टेंपरेचर. एवढ्या कमी माणसांवर वॉर्ड चालवणं हा मॅनेजमेंटचा दोष आहे, तो तू एकटीनं डोक्यावर घेऊ नकोस. पण जमलं नाही आणि खोटं लिहिलं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जमलं नाही तर रकाना रिकामा सोड किंवा 'घेतले नाही' असं लिहून सही कर, आणि हँडओव्हरला तोंडानं सांग. इन्चार्ज ओरडेल, नक्की ओरडेल. पण रिकामा रकाना बघून सकाळची सिस्टर आधी त्या पेशंटकडे जाईल, आणि ९८.६ बघून ती पुढे निघून जाईल. तुझ्या बाबांच्या बाबतीत हेच झालं ना. आणि चारच्या राउंडला कॉट नंबरनं जाऊ नकोस, ज्यांना ताप होता, ज्यांचं ऑपरेशन झालंय, शुगरवाले, म्हातारे, ते आधी. शेवटी कुणी राहिलंच तर त्यातल्या त्यात बरा माणूस राहील.

सगळेच भरतात म्हणतेस. मग आधी तुझ्या जोडीच्या स्टाफशी बोल, बाजूला घेऊन, चहा पिताना, तू चुकतेस अशा सुरात नाही, मला हे जमत नाहीये आता, आपण दोघी वॉर्ड अर्धा अर्धा वाटून घेऊ का, अशा सुरात. मत्तयच्या अठराव्या अध्यायात येशूनं आधी एकांतात जाऊन बोल म्हणून सांगितलंय, वर तक्रार नेणं त्याच्या नंतर येतं. दोघी-तिघी तयार झाल्या की स्टाफ कमी पडतोय हे मेट्रनला लेखी द्या. एकटीनं दिलं तर तुझ्यावर डूख धरतील, भावाची फी तू भरतेस हे तू लिहिलंयस, ते मी विसरलेले नाही.

आणि त्या बाबांचं. ते बरे होऊन गेले, तुझा देवासमोरचा पश्चात्ताप खरा आहे, तुझ्या पत्रातच दिसतो, आणि त्यानं क्षमा केली यावर विश्वास ठेव. पण एवढ्यानं हे संपत नाही असं मला वाटतं. जक्कय या लोकांना लुबाडणाऱ्या जकातदाराच्या घरी येशू गेला तेव्हा जक्कय नुसता रडला नाही, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो म्हणाला. बाबांना आता तू काही परत देऊ शकत नाहीस. इन्चार्ज सिस्टरला सांगू शकतेस की ते रीडिंग मी घेतलेलं नव्हतं. हे तुला जड जाईल, कदाचित मेमो मिळेल. तरी सांग. हे सांगितल्यावर मग पहाटे चारला तुझा हात सहजासहजी खोटं लिहायला उठणार नाही, आणि लेखी तक्रार करशील तेव्हा तुझ्या बोलण्याला वजन येईल.

प्रभुभोजन मात्र तू सोडलंस ते मला अजिबात पटलं नाही. करिंथकरांना पौलानं लिहिलंय की माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं, त्या प्याल्यातून प्यावं. परीक्षा करावी आणि लांब बसावं असं नाही लिहिलेलं. आपल्या मंडळ्यांमध्ये खूप जणी अशा मागच्या बाकावर बसून राहतात, वर्षानुवर्षं, कुणाशी भांडण झालंय, कुणाच्या घरात काही घडलंय, आणि त्यांना वाटतं आपण लायक नाही. लायक असणाऱ्यांसाठी ते मेज मांडलेलंच नाही गं.

आता हरिपाठ. आजींना झोप येत नव्हती, एकटं वाटत होतं, तू त्यांच्या ओळखीचा आवाज त्यांच्या उशाशी लावून दिलास, यात पाप कुठलं? आपले रेव्हरंड ना. वा. टिळक, ज्यांची गीतं आपण दर रविवारी गातो, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस म्हणायचा की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. अभंग आणि ओवी त्यांनी टाकून दिली नाही, त्यातच प्रभूची स्तुती लिहिली. मराठी ख्रिस्ती माणसानं वारकऱ्याच्या हरिपाठाला घाबरावं असं आपल्या घरात तरी कुणी शिकवलेलं नाही.

साक्षीबद्दल तुझ्या मैत्रिणीची कळकळ मला समजते, ती वाईट मुलगी नाही. पण कॉटवर पडलेला माणूस तुझ्या हातातल्या इंजेक्शनवर, बेडपॅनवर, पाण्याच्या ग्लासावर अवलंबून असतो, त्याला नको म्हणायची सोय नसते. अशा माणसापुढे आपला धर्म मांडणं मला बरोबर वाटत नाही, आणि आजकालच्या वातावरणात त्यातून काय अर्थ काढला जाईल तो वेगळाच, पण वातावरण कसंही असतं तरी मी हेच म्हटलं असतं. पेत्राच्या पत्रात आहे की तुमच्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, सौम्यतेनं. विचारलं तर. आजी उद्या बऱ्या होऊन बाकावर बसून विचारतील की पोरी तू एवढं मायेनं कसं करतेस, तेव्हा मोकळेपणानं सांग, लाजू नकोस. आणि नाहीच विचारलं तरी काही बिघडलं नाही. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात राजा म्हणतो मी आजारी होतो, तुम्ही माझा समाचार घेतला, तर ते नीतिमान लोक उलट त्यालाच विचारतात की प्रभू, तुला आजारी आम्ही कधी पाहिलं? त्यांना पत्तापण नव्हता.

कामातच भक्ती असते हे आपल्या लोकांना नवीन नाही खरं तर. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली नुसत्या प्रार्थना करत बसल्या नाहीत, शेती, विणकाम, छापखाना सगळं त्या शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी केलं, १९२२ साली त्या गेल्या, आणि ते बायबल छापलं गेलं तिथल्याच छापखान्यात, त्याचे खिळे, म्हणजे छपाईची एकेक अक्षरं, जुळवले तिथल्याच बायकांनी, ज्यातल्या कितीतरी दुष्काळातून आणलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या होत्या. एकेक खिळा बघून लावायचा, चुकला की काढून परत लावायचा, दिवसभर. त्यांच्या त्या कामाला मी उपासनेपेक्षा कमी मानत नाही, आणि तुझ्या चारच्या राउंडलाही नाही.

आणि काकू. अठरा वर्षं कंबरेत वाकलेल्या बाईला येशूनं शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी सभास्थानातच बरं केलं, तर तिथला अधिकारी चिडून लोकांना म्हणाला, कामाचे सहा दिवस आहेत, तेव्हा या बरे व्हायला. येशूनं त्याला विचारलं, शब्बाथाला तुम्ही बैल-गाढव सोडून पाण्यावर नेता की नाही? पेशंटचं दुखणं रविवार बघून थांबत नाही, त्यांच्याजवळ कुणीतरी असावंच लागतं, आणि त्या रविवारी ती तू असतेस. काकूंच्या घरचं कुणी अ‍ॅडमिट असेल तेव्हा त्यांनाही ते हवंच असेल. त्यांना उलट बोलू नकोस, पण घरी जाऊन भेट, तुझ्या ड्युटीचा महिन्याचा चार्ट दाखव, आणि म्हण काकू, माझी सुट्टी बुधवारी आहे, तुमच्या घरी बुधवारी संध्याकाळी प्रार्थना ठेवाल का, मी येते. टोमणा मारणारी बाई कामाला लागली की फार बदलते, महिला मंडळात मी हे पाहिलंय. आईलाही हेच सांग, आणि वॉर्डमधल्या आजींची गोष्ट सांग, तिला ती आवडेल.

मंडळीची गरजच नाही असं मात्र मी म्हणत नाही हं. एकटीनं विश्वास टिकवणं फार थकवणारं असतं, आणि तू जे थंड पडलेय म्हणतेस त्यातला बराचसा भाग मला नुसत्या थकव्याचा वाटतो, महिनोन्महिने नाइट करून कुणाचंही मन बधिर होतं. झोप पुरी कर, नाइट फिरवून मागून घे. पाळक साहेबांना फोन कर, सरळ सांग की रविवारी जमत नाही, मला प्रभुभोजन घ्यायचंय, काय करता येईल. आजाऱ्यांकडे ते घरी जातातच, कामावरच्या मुलीसाठीही वाट काढतील. आणि रात्री जेवणाच्या सुट्टीत एवढं लांबलचक काही वाचायला जाऊ नकोस, १३४ वं स्तोत्र वाच, तीनच ओव्यांचं आहे, परमेश्वराच्या मंदिरात रात्री उभं राहून सेवा करणाऱ्यांसाठी लिहिलेलं. त्यांचीही नाइटच होती.

इन्चार्जशी बोलायला हँडओव्हरची गडबड निवडू नकोस, त्या निवांत चहा घेत असतील तेव्हा जा. बोलणं झालं की दोन ओळी लिहून कळव, मेमो आला तरी कळव, मग त्याचं उत्तर कसं लिहायचं ते मी आणि माझी नणंद मिळून सांगू.