मांजाने कापलेलं बोट

प्रश्न: संक्रांतीला नायलॉन मांजाने माझ्या मुलाची तर्जनी खोल कापली. टाके घातले, जखम भरली. पण बोटाचं टोक वाकत नाही. थांबू का? – एक आई, महाल, नागपूर

उत्तर: ताई, थांबू नका. बोटाचा मधला सांधा सरळ धरून त्याला टोक वाकवायला सांगा. जराही हललं नाही, तर आतला टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी, बोट वाकवणारी दोरी) तुटलेला असण्याची दाट शक्यता आहे. वरची कातडी शिवली तरी तो जुळत नाही. त्याचं टोक तळहाताकडे ओढलं जातं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत जोडणं सोपं. फार उशीर झाला, तर दुसरीकडचा टेंडन काढून लावावा लागतो. २०१७ पासून बंदी असूनही हा मांजा विकला जातो, याचा मला मनापासून संताप येतो! बोटाची एखादी कड बधिर असेल तर तेही सर्जनला सांगा, स्पर्श कळवणारी नसही (नर्व्ह) कापलेली असू शकते. ऑपरेशननंतर साधारण ६ आठवडे स्प्लिंट (बोटाला आधार देणारी पट्टी) आणि फिजिओथेरपी लागेल, ती चुकवू नका.