पहिली गिनी घेण्याआधी एवढं बघा

जुन्या सोन्याच्या नाण्यांची सुरुवात ब्रिटिश गिनीपासून, म्हणजे सॉव्हरिनपासून करताय, हे फार चांगलं. तिची मापं पक्की ठरलेली आहेत, त्यामुळे पारख शिकायला सोपी जाते.

आधी वजन करा: ७.९८ ग्रॅम, थोडी झीज धरून. व्यास सुमारे २२ मिमी, जाडी दीड मिमी. वजन बरोबर पण नाणं जाड, तर आत हलका धातू आहे. सोनं २२ कॅरेट; दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवलं तर वजन साधारण ०.४५ ग्रॅमने कमी भरायला हवं.

इथेच बरेच नवखे थांबतात. पण खऱ्या २२ कॅरेट सोन्याच्या नकली गिन्याही भरपूर आहेत! म्हणून दहापट भिंग घ्या. मुंबई टांकसाळीची १९१८ ची गिनी असेल तर सालाच्या बरोबर वर, घोडेस्वाराच्या चित्राखालच्या जमिनीच्या रेषेवर बारीक रोमन 'आय' दिसेल. उजवीकडे खाली शिल्पकार पिस्त्रुची यांची 'बीपी' ही आद्याक्षरं. अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्या, कडेला सांधा, यातलं काहीही दिसलं तर सोडून द्या.

आणखी तीन गोष्टी:
- कडी काढून झाळ घासलेली गिनी संग्रहासाठी नको.
- नाणं चिंचेने किंवा पावडरने कधीही घासू नका.
- शिवकालीन होन स्वस्तात मिळतोय? हात लावू नका.

टांकसाळींच्या बाकीच्या खुणा नंतर बघू. आधी जाणत्या संग्राहकाकडची एक खरी गिनी भिंगाखाली निवांत पाहून घ्या.