नवी मुंबईतल्या खासगी विद्यापीठात मराठी मुलं असतात का, की सगळी बाहेरचीच?

असतात की! पण किती, ते कोर्सवर ठरतं.

अभिमत विद्यापीठात (म्हणजे केंद्राने विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या संस्थेत) एमबीबीएसच्या जागा नीटवरून, दिल्लीच्या एमसीसी या वैद्यकीय प्रवेश समितीच्या फेऱ्यांतून, देशभरातल्या मुलांसाठी भरतात. तिथे महाराष्ट्राच्या डोमिसाइलला कोटा नाही, उलट १५ टक्क्यांपर्यंत एनआरआय जागा. मुंबई विद्यापीठाशी संलग्न इंजिनिअरिंग कॉलेजांत राज्याच्या सीईटी सेलची कॅप, म्हणजे एकत्रित प्रवेशफेरी, असते; बहुतेक जागा राज्यातल्या मुलांना जातात. वर्गात शिरल्याबरोबर फरक कानाला कळतो.

माझा भाचा नेरूळला होस्टेलवर होता. मजल्यावर हिंदीच चालायची, तीही पाच-सहा तऱ्हांची. आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी दुसऱ्याच दिवशी फस्त झाली. बदल्यात त्याला इडलीची पोडी मिळाली, ती तो अजून मागवतो.

आकडे हवे असतील तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था-क्रमवारीची, पीडीएफ शोधा. त्यात मुलं-मुली, राज्यातले, राज्याबाहेरचे, परदेशी असे वेगवेगळे रकाने असतात. माहितीपत्रकातल्या हसऱ्या फोटोंपेक्षा हे बरं. माझं लक्ष मात्र आधी एका वेगळ्या रकान्याकडे जातं : पूर्ण फी परतावा किती जणांना, आणि तो सरकारकडून की संस्थेकडून. प्रांत कितीही असोत, फी एकाच थरातल्या घरांना झेपत असेल तर मुलं एकसारखीच दिसतात, फक्त आडनावं वेगळी.

मुलीला पाठवणार असाल तर एकदा दुपारी कॅन्टीनमध्ये तासभर बसून या.