पिग्मी मोडून बोटॉक्स? आधी पुढच्या वर्षाचा हिशेब मांडूया

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय. वय ४६, घरीच शिलाई आणि पिको-फॉल, यजमान उद्यमबागेत फौंड्रीत. डिसेंबरात पुतणीचं लग्न आहे. बेळगावच्या एका क्लिनिकनं कपाळ आणि डोळ्यांभोवती बोटॉक्स (सुरकुत्यांसाठीचं इंजेक्शन) १४,०००, गालांना फिलर (गाल भरणारं इंजेक्शन) २८,००० असं ४२,००० चं पॅकेज सांगून २,००० ॲडव्हान्स घेतलाय. उरलेले पिग्मी, म्हणजे एजंटाकडे रोज थोडे थोडे भरून साठवलेली ठेव, मोडून भरू की 'बिनव्याजी' हप्त्यांवर, असा प्रश्न. शेवटी ओशाळून लिहिलंय, "या वयात हे शोभतं का?"

शोभायचं काय त्यात? यजमानांनी बुलेट घ्यावी का, असं विचारताना कुणी ओशाळलेलं मी अजून पाहिलेलं नाही. पैशाचं तेवढं बोलूया.

ताई, ४२,००० ही किंमत नाही, पहिला हप्ता आहे. बोटॉक्सचा असर तीन-चार महिन्यांत उतरतो. चेहरा तसाच ठेवायचा तर वर्षाला तीन वेळा, म्हणजे बोटॉक्सचेच ४२,०००. फिलर साधारण वर्षभर टिकला असं धरलं तर वरचे २८,०००. झाले ७०,०००. तुमची पिग्मी रोजची १००, वर्षाचे ३६,५००. दोन वर्षं एजंटाच्या हातात नोटा ठेवायच्या आणि एका वर्षात संपवायच्या. शिवाय मुदतीआधी मोडली की व्याजाला कात्री. ती पिग्मी मुलाच्या डिप्लोमाच्या फीसाठी आहे, हे तुम्हीच लिहिलंय.

हप्त्यांचं तर नावच नको. कर्ज क्लिनिकचं नसतं, फायनान्स कंपनीचं असतं आणि तुमच्या नावावर असतं. क्लिनिकला उद्या टाळं लागलं तरी हप्ता कापला जातोच. 'बिनव्याजी' म्हणताना प्रोसेसिंग फी किती आणि रोख दिल्यास सूट किती मिळाली असती, हे विचारा. व्याज तिथंच लपलेलं असतं. सौंदर्यासाठीच्या उपचारांवर जीएसटी लागतो, तो ४२,००० मध्ये धरलाय का तेही बघा. आरोग्य विमा यातला रुपयाही देत नाही.

आता खरी गोम. तुमची पहिली तक्रार गालावरच्या वांगाची आहे, सुरकुत्यांची नंतर. आपल्या सावळ्या कातडीवर वय बहुतेक वेळा आधी डागांनीच दिसतं. बोटॉक्स स्नायू सैल करतो, फिलर खड्डा भरतो. वांगाला दोन्हींचा उपयोग शून्य. उद्या कुणी लेझर सुचवला तर जपून, चुकीच्या हातात डाग उलट गडद होतात.

स्वस्तातला रस्ता कंटाळवाणा आहे, पण चालतो. रोज सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ ३० च्या वर, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं. वांग असेल तर रंगीत छटेचं जास्त चांगलं. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावी ९०० हून जास्त लोकांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या हाताच्या पाठीवरची कातडी साडेचार वर्षांत म्हातारी झाल्याचं दिसलंच नाही. रात्री सुरकुत्या आणि डागांवरचं ट्रेटिनॉइन क्रीम, वाटाण्याएवढं, सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीनदाच. आधी कातडी सोलते, लाल होते. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. गरोदरपणात चालत नाही, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणायचं नाही. दोन्हींचा खर्च महिन्याला ७००-८०० धरा. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या महिन्याच्या २,००० मधून निघतो. ते पैसे कधी रखडतात, म्हणून एक ट्यूब आधीच घेऊन ठेवा.

मेडिकलवाल्यानं हातावर टेकवलेलं 'गोरं करणारं' क्रीम मात्र नको. त्यात स्टेरॉइड असलं तर कातडी पातळ होते आणि तो खर्च वेगळाच.

लग्नाच्या फोटोंसाठी कपाळ हवंच असेल तर फक्त बोटॉक्स, एकदाच, त्वचारोगतज्ज्ञाकडे, लग्नाआधी तीन-चार आठवडे, साठवलेल्या रोख पैशांतून. पुढच्या वेळेचं तेव्हा बघू. पार्लरमध्ये सुई टोचून घेऊ नका.

त्याआधी बिम्सच्या, म्हणजे आपल्या सिव्हिलच्या, त्वचारोग ओपीडीत वांग दाखवून या. बायकांना सरकारी बस फुकट देणाऱ्या शक्ती योजनेमुळं तिकिटाचे पैसेही लागणार नाहीत. येताना क्लिनिकमध्ये पावती दाखवून ॲडव्हान्स परत मागा. नाही दिला तर २,००० गेले म्हणा, पण त्या २,००० पायी ४०,००० भरायला जाऊ नका.