पबातल्या गाण्यांना पेटी न्यावी की गिटार?

शेफील्डला नवीन आलात, जवळच्या पबात लोकगीतांची बैठक भरते, पेटी चांगली येते, गिटारही थोडी येते, तर काय घेऊन जाऊ, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा रिकाम्या हाताने जा, आणि नंतर न्यायचीच तर श्रुतीपेटी (भात्यावर चालणारी, नुसता आधाराचा सूर धरणारी छोटी पेटी) न्या.

आधी ते ‘सेशन’ आहे की ‘सिंगअराउंड’ हे विचारून घ्या. सेशनमध्ये फिडल (व्हायोलिन), मेलोडियन (बटणांचं अकॉर्डियन) वाजवणारे मिळून नाचाच्या चाली वाजवतात, गाणं अधूनमधून. सिंगअराउंडला पाळीपाळीने एकेक जण गातो आणि ध्रुवपद सगळे उचलतात. ही गाणी पुष्कळदा बिनसाथीचीच असतात. शब्द रंगला की गाणारा लय सैल सोडतो, कडवं संपल्यावर घोट घेऊन पुढचं धरतो. मध्येच कुणी न विचारता गिटार खाजवू लागलं तर तोंडावर कुणी बोलणार नाही (इंग्रज मंडळी!), पण पुढच्या वेळी तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी राहील.

पेटीची अडचण वेगळी. भारतीय बैठक नाही, खुर्चीवर बसायचं, समोरच्या टेबलावर बिअरचे ग्लास. मांडीवर ठेवून भाता मारणं जमतं, पण खर्ज-नर हे सुरांचे दोन्ही संच उघडलेत तर हळव्या आवाजाची बाई गाते आहे हेही कळणार नाही. त्याऐवजी कॉन्सर्टिना (दोन हातांत धरायचं, बटणांचं भात्याचं वाद्य) छोटी दिसते म्हणून भुलू नका. अँग्लो प्रकारात भाता ओढताना एक सूर, दाबताना दुसरा. इंग्लिश प्रकारात सूर एकच राहतो, पण सप्तक दोन हातांत आलटूनपालटून वाटलेलं. पेटीवरच्या बोटांचा तिथे काही उपयोग नाही.

गिटारबद्दल थोडं सविस्तर, कारण घोळ तिथेच होतो. जुन्या इंग्रजी चालींपैकी बऱ्याच आपल्या काफी किंवा खमाज थाटात बसतात, म्हणजे निषाद कोमल. पांढरी दोनमध्ये (म्हणजे ‘डी’ला षड्ज धरून) कुणी गात असेल तर गिटारवाला सवयीने ए मेजर धरतो. त्या कॉर्डमध्ये शुद्ध निषाद असतो, आणि गाणारा नेमका कोमलवर उभा असतो. ऐकवत नाही. श्रुतीपेटीवर फक्त षड्ज-पंचम उघडे ठेवले की गंधार-निषादाचा तंटाच मिटतो. शिवाय वाद्य हलकं, आवाज बेताचा, आणि लय गाणाऱ्याची गाणाऱ्याकडेच राहते. तिकडचे लोकगायकही हल्ली ती वापरतात, त्यामुळे कुणी वळून बघणार नाही.

सूर पकडायची युक्ती: लोक आयत्या वेळी कुठूनही उचलतात, पट्टी विचारलीत तर सांगता येईलच असं नाही. त्यांना शेवटची ओळ गुणगुणायला सांगा. बहुतेक चाली षड्जावर येऊन थांबतात. तेवढी झडप उघडा, भाता हळू भरा, पंचम मागाहून. अर्थात हेही गाणाऱ्याने हो म्हटलं तरच. स्वतःच्या पाळीला मात्र खुशाल पेटी काढा, एखादं भारूड ऐकवा. ध्रुवपद सोपं असलं की लोक हौसेने उचलतात.

आणि नोव्हेंबरात शेफील्डजवळच्या डंगवर्थ, वॉराल या गावांकडच्या पबांत कॅरोल (नाताळची गाणी) सुरू होतात, अकरा तारखेनंतरच्या रविवारपासून नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. तिथे वाद्य नेऊच नका. माणसं खेटून उभी असतात, आणि बसायला जागा हवी तर बरंच आधी पोचावं लागतं.