गोव्यातल्या माध्यमिक शाळेसाठी विज्ञानाचं कोणतं नियतकालिक घ्यावं?

आठवी-नववीच्या मुलांना आणि शिक्षकांनाही उपयोगी पडेल असं एकच नियतकालिक तुम्ही विचारलंय. मी डिचोली तालुक्यात विज्ञान शिकवते. माझं उत्तर: पुण्याहून निघणारं ‘शैक्षणिक संदर्भ’ हे द्वैमासिक.

त्याची मुळं मध्य प्रदेशात आहेत. होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ साली विज्ञान शिकवण्याचा एक वेगळा कार्यक्रम सुरू झाला. व्याख्या घोकायच्या नाहीत, मुलांनी स्वतः करून बघायचं, ही तिथली रीत. त्याच कामातून ‘एकलव्य’ संस्था उभी राहिली, १९९४मध्ये तिचं हिंदी ‘संदर्भ’ निघालं आणि त्यावरून प्रेरणा घेऊन मराठी. म्हणून यातले लेख माहिती देऊन थांबत नाहीत; हे कसं कळलं, तेही सांगतात.

आपल्याकडे याची गरज जास्त आहे. बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत किंवा कोंकणीत शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजीत जातात. मग विज्ञान पाठांतराचा विषय होतो. उत्तरपत्रिकेत उत्तर अचूक असतं, पण ‘असं का होतं?’ विचारलं की वर्ग गप्प. अशा वेळी घरच्या भाषेतला सविस्तर लेख फार मोलाचा ठरतो.

मात्र अंक ग्रंथालयात ठेवून मुलं आपणहून वाचतील, अशी अपेक्षा धरू नका. लेख लांब असतात. आधी शिक्षकाने वाचावा, त्यातला एक प्रश्न वर्गात न्यावा आणि त्याला गोव्याचं उदाहरण जोडावं. पाण्याच्या दाबावर वाचलंत, तर मुलांना खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतलं, मानस (पाणी अडवणारा-सोडणारा दरवाजा) दाखवा. भरतीचं पाणी चढलं की त्याची लाकडी दारं पाण्याच्याच दाबाने मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. दार कुणी ढकलत नाही. ते का, हे मुलांनाच शोधू द्या. एक तास त्यावर गेला तरी चालेल. पोर्शन मागे पडेल ही भीती मला ठाऊक आहे, तरीही सांगते.

अकरावी-बारावी शिकवणाऱ्यांसाठी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचं ‘रेझोनन्स’ हे इंग्रजी मासिक बघा. ते पदवीच्या पातळीचं आहे, तेव्हा मुलांपेक्षा शिक्षकांनाच जास्त उपयोगी. त्याचे जुने अंक अकादमीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत.