तोतरेपणासाठी मेंदूला सौम्य करंट देणारं यंत्र घरी वापरावं का?

तुम्ही लिहिलंय की वय ३१, लहानपणापासून अडखळता, स्पीच थेरपी दोनदा अर्धवट सोडली, आणि ‘ऑक्सफर्डमध्ये करंट देऊन तोतरेपणा घालवला’ असा व्हिडिओ बघून ऑनलाइन एक यंत्र मागवलंय. ते आलं की लगेच सुरू करू का, असं विचारताय.

नका करू. मी डॉक्टर नाही. पण चाळीस वर्षं अडखळत बोलणारी बाई आहे आणि या विषयावर जे हाती लागेल ते वाचत आलेय, म्हणून सविस्तर सांगते.

ऑक्सफर्डचा प्रयोग खरा आहे. जेनिफर चेस्टर्स, केट वॉटकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ते काम २०१८ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात छापून आलं. मध्यम ते तीव्र तोतरेपणा असलेले ३० पुरुष त्यात होते. बोलण्याच्या हालचाली जुळवणारा मेंदूचा जो भाग डाव्या बाजूला पुढे असतो, त्यावर ओळीने ५ दिवस, रोज २० मिनिटं, १ मिलिअँपिअरचा प्रवाह दिला. निम्म्यांना खरा. उरलेल्यांना सुरुवातीला चुणचुण जाणवेल इतकाच देऊन बंद केला, म्हणजे आपल्याला खरा मिळाला की खोटा हे कुणाला कळू नये.

तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओत बहुधा गाळलेली गोष्ट पुढेच आहे. ती २० मिनिटं ही माणसं गप्प बसून नव्हती. ती दुसऱ्या आवाजाबरोबर एका सुरात वाचत होती, मेट्रोनोमच्या, म्हणजे ठेका देणाऱ्या यंत्राच्या, टकटकीवर बोलत होती.

हे वाचलं आणि मला आमच्या घरची आरती आठवली. शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणताना माझा ‘ह’ घशातच राहायचा, बाई पुढच्या नावावर जायच्या आणि मी गैरहजर लागायचे. तीच मी गणपतीत वीसजणांबरोबर ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ खणखणीत म्हणायचे. आजी माझ्या जिभेला वेखंड उगाळून लावायची आणि रोज तिन्हीसांजेला शेजारी बसवून रामरक्षा म्हणून घ्यायची. तिच्या आवाजात आवाज मिसळून सगळी रामरक्षा मी एकदाही न अडखळता म्हणत असे. आजीला वाटायचं, वाणी सुधारतेय. सकाळी हजेरीला पुन्हा तेच.

यात माझं वेगळेपण काही नव्हतं. एका सुरात बोलताना अडखळणाऱ्या बहुतेक सगळ्यांचंच बोलणं सुटतं. बोलण्याचा ठेका बाहेरून आयता मिळतो, तो मेंदूला स्वतः धरावा लागत नाही, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात. पण सोबतचा आवाज थांबला की गुण संपतो. त्या संशोधकांनी नेमकं हेच पकडलं. बोलणं असं सुटलेलं असताना करंट दिला तर तो सुटेपणा पुढे टिकतो का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यामुळे तुमचं यंत्र नुसतं डोक्याला लावून बसणं म्हणजे तो प्रयोग नव्हे. शिवाय करंट देणाऱ्या पट्ट्या डोक्यावर कुठे लावायच्या हे तुम्ही अंदाजाने ठरवणार. फिट येण्याचा त्रास आहे का, डोक्यात धातूचं काही बसवलंय का, हे अशा प्रयोगात आधी विचारून घेतात. घरी कोण विचारणार?

आता निकाल. ते पाच दिवस संपल्यावर आठवड्याने खरा करंट मिळालेल्यांचं अडखळणं वाचनातही कमी झालं होतं आणि गप्पांमध्येही. सहा आठवड्यांनी वाचनातला फरक टिकून होता, गप्पांमधला नव्हता. म्हणजे अडखळणं कमी झालं. ‘घालवला’ हा शब्द व्हिडिओवाल्याचा. माझ्या लेखी सगळं मर्म या निकालात आहे. वाचताना शब्द समोर असतात, कुणी उत्तराची वाट बघत नसतं. आपलं आयुष्य मात्र गप्पांमध्ये जातं. पाच दिवसांत एवढा फरक पडला याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. अशा चाचण्या मोठ्या प्रमाणावर, जास्त दिवस आणि बायकांनाही घेऊन व्हाव्यात असं मनापासून वाटतं. मोठ्या वयात अडखळणाऱ्यांत साधारण चार पुरुषांमागे एक बाई असते. थोड्या असलो तरी आहोत.

उपायाच्या पहिल्या आठवड्यावर विश्वास ठेवू नका, हे मी स्वतःच्या पैशांनी शिकलेय. सव्विसाव्या वर्षी ‘१५ दिवसांत तोतरेपणा बंद’ अशी जाहिरात वाचून एके ठिकाणी गेले. शब्द ताणून, संथ लयीत बोलायला शिकवलं. ते तंत्र खोटं नाही, चांगले थेरपिस्टही ते वापरतात. शेवटच्या दिवशी मी पाच मिनिटं सलग बोलले, त्याचं शूटिंग झालं, आई रडली. दुसऱ्या दिवशी दुकानात पावशेर पोहे मागता आले नाहीत. त्या खोलीबाहेर तंत्र कसं न्यायचं, हे कुणी शिकवलंच नव्हतं.

आणखी एक. अशा चाचण्यांत शंभर अक्षरांमागे किती अडखळली हे मोजतात. पण आपण शब्द बदलण्यात तरबेज असतो. मला कराडहून पेठला जायचं असायचं. ‘प’ निघायचा नाही, म्हणून मी कंडक्टरला ‘इस्लामपूर’ म्हणायचे, पुढचं तिकीट काढायचे आणि पेठला उतरायचे. तीन वर्षं. कुणी माझी अडखळणी मोजली असती तर शून्य भरली असती. म्हणून कुठल्याही नव्या उपायाबद्दल मी आधी विचारते, माणूस त्याला हवा तोच शब्द बोलला का?

तुम्हीही तसंच तपासा. उपाय कोणताही असो. आपलाच आवाज क्षणभर उशिरा कानात ऐकवणारी अ‍ॅप्स मिळतात, त्यांचा काहींना वाचताना छान उपयोग होतो, पुष्कळांचा फरक पुढे ओसरतो. उपाय सुरू करण्याआधी दोन आठवडे नुसती नोंद करा, कारण तोतरेपणा दिवसागणिक कमीजास्त होतो आणि चांगल्या दिवसांचं श्रेय उपायाला जातं. एकच उतारा आठवड्यातून दोनदा वाचून रेकॉर्ड करा. अनोळखी दुकानात एक फोन करा, त्यातला फक्त तुमचा आवाज दुसऱ्या मोबाइलवर घ्या. वहीत एवढंच लिहा: काय म्हणायचं होतं, काय म्हटलं, शब्द बदलला का, फोन टाळला का. मग उपाय सुरू करा आणि सहा आठवडे वही चालू ठेवा. माझ्या वहीत सगळ्यात मोठा फरक कशाने पडला असेल, तर बोलायच्या आधीच ‘मी अडखळते, जरा थांबा’ असं सांगायला लागल्याने. अडखळणं थोडंच कमी झालं, शब्द बदलणं जवळजवळ थांबलं.

थेरपी अर्धवट सोडलीत ती पुन्हा धरा. मुंबईजवळ असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग या वाणी आणि श्रवणाच्या राष्ट्रीय संस्थेत चौकशी करा. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनचे स्वमदत गटही आहेत. आपल्यासारखीच माणसं समोर असली की ‘प’ वर अडायला लाज वाटत नाही, हे मला तिशी ओलांडल्यावर कळलं.

ऑर्डर रद्द होत असेल तर आजच करा. आणि पहिलं रेकॉर्डिंग आज रात्रीच करून ठेवा. उपाय सुरू झाला की आधीचं आपलं बोलणं नेमकं कसं होतं, ते आठवत नाही.